उंबऱ्याची माती

बोरटोला, ता. मूल
२५ जुलै २०२४

संघे,

जयभीम. फोन करू नकोस म्हणते त्याचा राग मानू नकोस. माझ्या आणि मुखरूच्या घरात एकच भिंत आहे, तीही वरून उघडी. फोनवर बोललेलं सगळं पलीकडे जातं. पत्राचं तसं नाही.

धानाचा रोवणा आटोपला. तुझे मोठे बाबा गेले त्याला दोन पावसाळे झाले, पण बांधी मी कोणाला अर्ध्यावर कसायला दिली नाही. चिखलात पाय घालण्याआधी ते बांधावर, धुऱ्याच्या मातीला हात लावून तो कपाळाला लावायचे, तुला आठवत असेल. मी हसायची त्यांना. आता माझाही हात आपोआप जातो.

विहारात वर्षावासाचं वाचन यंदाही माझ्याकडेच आहे. वाचता वाचता मनात आलं, की इतकी वर्षं दुसऱ्यांना वाचून दाखवते, आपण त्यातलं करते काय? म्हणून या तीन महिन्यांसाठी एक नेम धरला आहे. कोणी टोचून बोललं तर उलट बोलायचं नाही, रेशनच्या रांगेत घुसणाऱ्याला घुसू द्यायचं. आणि ज्याच्याशी वाजलं असेल त्याच्या दाराशी दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं, उंबऱ्याबाहेरच्या जमिनीला हात लावायचा, कपाळाला लावायचा आणि गुपचूप परत यायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही. मी ह्यांच्याकडून उचललं.

तीन दिवसांपूर्वी धुऱ्याच्या पाण्यावरून मुखरू मला नको ते बोलला. नवरा खाऊन बसली, आता पाणी खाते म्हणाला. मी ऐकून घेतलं. घरी येऊन रडले, ते तुला सांगायला हरकत नाही. सकाळी त्याच्या उंबऱ्याशी गेले, हात लावला आणि वळले. मागे त्याची सून ललिता उभी होती. मी हसले, ती हसली नाही. मी अंगणातून निघते न निघते तोच तिने ती जागा शेणाने सारवून काढली. चांगली टापटिपीची पोर आहे.

मन हलकं झालं. नेम झेपेलसं वाटतं. तुझ्याकडे पाऊसपाणी कसं आहे?

मावशी

---

आरोग्य उपकेंद्र, ता. भामरागड
३ ऑगस्ट

मावशी,

जयभीम. पत्र मिळालं. इथे नाला भरला की दोन दिवस सगळं बंद आणि उतरला की महिन्याभराचे पेशंट एका दिवशी. बुधरीबाई म्हणून इथली आशा कार्यकर्ती आहे, ती कमरेपर्यंत पाण्यातून औषधं आणते आणि वर मलाच विचारते, "सिस्टर, तू जेवली का?" तुझा नेम तिला सांगितला. ती म्हणाली, ही बाई आमच्या गावात पाठवून दे, इथे सगळे भांडतात.

मला विचारशील तर मला तो नेम फारसा आवडला नाही. तू आधीच गरीब स्वभावाची. मुखरूकाका तसं बोलला आणि तू त्याच्या दारात वाकायला गेलीस? माणसं डोक्यावर बसतात ग. मोठे बाबा वाकायचे, पण ते सहा फूट होते आणि पुरुष होते. त्यांच्या वाकण्याला लोक साधेपणा म्हणायचे. तुझ्या वाकण्याला काय म्हणतील?

पण तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. माझ्या दुसरीच्या पुस्तकावरून तू अक्षरं शिकत होतीस तेव्हाही असाच हट्ट होता. मी झोपले तरी तू कंदील विझवत नव्हतीस. तेव्हा नेम पाळ, पण दोन वेळा जेव. गुडघ्याला तेल लाव.

संघप्रिया

---

बोरटोला
१४ ऑगस्ट

संघे,

तू विचारलंस ना, लोक काय म्हणतील. ऐक.

हातपंपावर मी गेले की बाया आता बाजूला होतात. आधी माझी पाण्याची गुंडी भरू देतात. ज्या बाया नंबरासाठी एकमेकींचे केस धरायच्या त्या माझ्यासाठी वाट सोडतात, बोलतही नाहीत. रेशनच्या दुकानातही तसंच झालं. मी मागे उभी राहिले तर पुढची दोघं सरकली आणि मला पुढे केलं. मला लाज वाटली, पण बरंही वाटलं. माणूस वाकला तर समोरचा किती मऊ होतो, हे मी एवढ्या वयात पाहते आहे.

एक मात्र खटकतं. पोरं येत नाहीत. संध्याकाळी पाच-सहा जण ओट्यावर वाचायला बसायची, मुखरूची नात उर्वशी सगळ्यांच्या आधी. ती फार धीट आहे, चुकलं की माझंच चुकलं म्हणते. पंधरा दिवस झाले, कोणी नाही. मला वाटलं निंदणीची घाई. मग मी करंज्या केल्या होत्या त्या ललिताकडे दिल्या, तर ताट तसंच परत आलं. वर झाकलेलं फडकंसुद्धा काढलेलं नव्हतं.

काल कळलं, उर्वशीला ताप आहे. भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकू येतं. काखेत काळा डाग पडला आहे म्हणतात, कोणी विस्तव टेकवल्यासारखा. मी विचारायला गेले तर मुखरूने दारातच अडवलं. तुझं काम नाई इथी, म्हणाला. म्हातारा घाबरलेला असेल म्हणून मी परत फिरले. आज सकाळी परत त्याच्या उंबऱ्याला हात लावून आले. आज मनात एवढंच होतं की पोर बरी होऊ दे.

माझ्या दाराशी कोणीतरी राख टाकून गेलं आहे. चूल झाडली असेल कोणी. मी ती झाडून परसात टाकली.

तुझी दवाखान्याची नजर आहे, हा डाग कशाचा असेल?

मावशी

---

उपकेंद्र
२० ऑगस्ट

मावशी,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मी आधीच्या पत्रात थट्टा केली, मला काही कळलं नव्हतं. आता नीट ऐक.

हातपंपावर त्या तुला मान देत नाहीत, तुला भितात. ललिताने टापटिपीसाठी सारवलं नाही, तू हात लावलेली जागा तिने शेणाने पुसली. करंज्या का परत आल्या, पोरं का येत नाहीत, राख का टाकली, सगळं एकाच गोष्टीने जुळतं. तू सकाळी अंधुक उजेडात लोकांच्या दारात जातेस, खाली वाकतेस, उंबऱ्याच्या मातीला हात लावतेस आणि मागे न पाहता निघून जातेस. मावशी, पाहणाऱ्याला काय दिसतं? एकटी विधवा बाई भांडण झालेल्या घरची माती घेऊन जाते. आणि मग त्याच घरातली पोर आजारी पडते.

आजपासून कोणाच्याही दारात जाऊ नकोस. एकदासुद्धा नाही.

तो डाग करणीचा नाही. गवतातला बारीक किडा चावतो, दिसतही नाही, आणि तिथे अशी काळी खपली धरते. त्याला स्क्रब टायफस म्हणतात. साध्या गोळ्यांनी माणूस बरा होतो, पण वेळेत मिळाल्या तर. पोरीला ताबडतोब मूलला न्यायला हवं. ते तुझं ऐकणार नाहीत, म्हणून मी पहाडीवर चढून पोलीस पाटील नानाजीला फोन लावला. तो म्हणाला, "तसं काई नाई पोरी, तुह्या मावशीले कोणी काई म्हणत नाई." फार लवकर म्हणाला ते. मी उर्वशीचं सांगायला लागले तर फोन कटला, मग त्यालाही लागला नाही आणि तुलाही लागला नाही.

तू बॅग भर आणि मूलला मोनालीच्या खोलीवर जा. माझी मैत्रीण आहे, तिला काही सांगायची गरज नाही. करणीचा आळ घेणं हा गुन्हा आहे, त्यासाठी कायदा आहे. तक्रार मी देते. तू फक्त तिथून निघ.

संघप्रिया

---

बोरटोला
२१ ऑगस्ट

संघे,

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण मला थांबवत नाही. मला सगळं कळलं आहे. इतके दिवस कळलं नाही याचंच आश्चर्य वाटतं. पुस्तकं वाचणारी बाई आणि समोरच्यांच्या चेहऱ्यावरचं वाचता आलं नाही.

काल दिवसाढवळ्या मुखरू चार माणसं घेऊन आला. त्यात सुकलू होता, तुझ्या मोठ्या बाबांना खांदा दिलेला. मुखरू म्हणाला, "गिरजाबाई, माह्या दारातलं का नेलं तू, ते दे." मी म्हटलं, मी काही नेलं नाही भाऊ. तो म्हणाला, "मातीच नेली ना. सुनेनं दोनदा पाह्यलं. वापस दे, आमी काई नाई म्हणत." मी त्यांना नेम सांगू लागले. कोण कोणासमोर कशासाठी वाकेल, हे त्यांना पटेना. सुकलू हसला आणि म्हणाला, "शिव्या खाऊन पाया पडाले कोण येते बाई? तुह्या जागी मी असतो त माती उचलाले गेलो असतो."

मग त्यांनी घर पाहिलं. कोठी उघडली, डबे उलटे केले, ह्यांचे कपडे गाठोड्यातून काढले. पुस्तकं निघाली तर एकाने पानं झटकली, आत काही ठेवलं आहे का म्हणून. मी दाराशी उभी होते. ह्यांचा सदरा जमिनीवर पडला तो मी उचलून घेतला, तेव्हा सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

रविवारी एक झाडफूक करणारा येणार आहे. चौकात उर्वशीला आणतील. मी तिच्या पायावर डोकं ठेवायचं, नेलेलं परत केलं म्हणायचं, आणि तिचे पाय धुतलेलं पाणी प्यायचं. नानाजी लपूनछपून नाही, उजेडातच आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, करून टाक. एका मिंटाचं काम आहे. नाई केलं त मी एकटा कोणाकोणाले धरू?" जंगलपट्टीतल्या एका गावात अशाच आळावरून म्हाताऱ्याला खांबाला बांधलं होतं, ते तो बोलला नाही. दोघांनाही आठवत होतं.

आता सांग. मी सगळ्यांपुढे वाकते, रांगेत घुसणाऱ्यापुढेसुद्धा. मग या पोरीपुढे वाकायला मान का ताठ होते? माझा अभिमान आडवा येतो की खरेपणा, मला ओळखता येत नाही. वाकले तर मीच केलं असं ठरेल. नाही वाकले तर मीच मारलं असं ठरेल. आणि तोवर पोर तापाने जाते आहे. तिला कोणी दवाखान्यात नेत नाही, कारण औषध माझ्याकडे आहे असं सगळे समजतात.

मला पळून जाता येईल. सकाळची बस आहे. पण मी गेले तर त्यांची खात्रीच होईल, आणि मग पोरीला कोणी उचलणार नाही. भिंतीपलीकडून आता कण्हणं येत नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

मावशी

---

उपकेंद्र
२९ ऑगस्ट, गुरुवार

मावशी,

टपाल भरल्या नाल्यातून डोंग्याने आलं. तुझं एकवीस तारखेचं पत्र आत्ता हातात आहे. रविवार होऊन गेला. काय झालं ते मला माहीत नाही, आणि तरी मी तुला लिहिते आहे, कारण दुसरं काही करता येत नाही.

पहाडीवर दोनदा जाऊन आले. टॉवर नाही. डोंगेवाला पेशंट सोडून कोणाला पलीकडे नेत नाही. आणि त्याने नेलं असतं तरी, आत एक बाई बाळंतपणात अडलेली आहे, दुसरी सिस्टर पलीकडे अडकली आहे. बुधरीबाई म्हणाली, "तू जा, मी पाहते." मी गेले नाही. ह्याबद्दल तू मला रागावणार नाहीस हे माहीत आहे, म्हणूनच जास्त त्रास होतो.

तू विचारलंस अभिमान की खरेपणा. मला एवढं कळतं की वाकणं आपल्या मनाने असतं तोवर वाकणं असतं. मानेवर कोणाचा हात असला की तो मार असतो. तू तिथे वाकली नसशील असं मी धरून चालते.

रविवारी उर्वशीच्या तापाचा बारावा-तेरावा दिवस असेल. मला पुढचं लिहवत नाही.

हे पत्र मिळालं तर कोऱ्या कागदावर फक्त नाव लिहून पाठव. मला तुझं अक्षर पाहायचं आहे.

संघप्रिया

---

बोरटोला
९ सप्टेंबर

संघे,

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली, कारण मी इथे नव्हते. हे माझं अक्षर आहे, पाहून घे.

रविवारी मला न्यायला कोणी आलं नाही. मी स्वतः चौकात गेले. ह्यांचा धुतलेला सदरा लुगड्यावरून घातला होता, पावसाचा गारवा होता. सगळं गाव जमलं होतं, विहारात माझं वाचन ऐकणारेही होते, ते मागे उभे होते. उर्वशी खाटेवर होती. ओठ फुटलेले, डोळे अर्धे उघडे, आणि मी जवळ गेले तर तिने ओळखलंही नाही. झाडफूक करणारा म्हणाला, डोकं ठेव आणि वापस कर.

तुझं पत्र मला मिळालेलं नव्हतं. किड्याचं, गोळ्यांचं मला काही माहीत नव्हतं. एवढंच दिसत होतं की हे लेकरू इथे मरणार आहे.

मी म्हटलं, "ठेवीन. पर इथी नाई. मूलच्या दवाखान्यात हिले भरती करा, तिथी सगळ्यांच्या समोर ठेवीन. इथी माह्या मानेचे दोन तुकडे केले तरी ठेवत नाई."

मुखरू पुढे आला. "म्हंजे तूच केलं. कबूल करून राह्यली ना?"

मी गप्प राहिले. संघे, हे नीट वाच. मी हो म्हटलं नाही. खोटं न बोलण्याचं शील मोडलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर ते खरं होतं, आणि पोर खाटेवरच राहिली असती. सगळं गाव माझ्या तोंडाकडे पाहत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. तेवढ्या वेळात माझं चाळीस वर्षांचं नाव गेलं.

झाडफूकवाला म्हणाला, ही फसवते आहे, हलू नका. सुकलूच्या हातात दोर होता, तो मी पाहिला. तेव्हा ललिता उठली. तिने पोरीला अशी उचलली जशी ती अजून तान्ही आहे, आणि सासऱ्याला म्हणाली, "बुढी म्हणते तिथी चला. नाई त मी पायी जातो." मग गाडी निघाली. मला मागच्या बाजूला बसवलं, दोन माणसांच्या मध्ये. दोर बरोबर होता.

मूलला डॉक्टरने पोरीला पाहिलं आणि काख उघडून डाग पाहिला. तेवढ्यानेच त्याला कळलं. सुई लावली, मग गाडीने चंद्रपूरला पाठवलं. तिथे मोठ्या दवाखान्यात मी उर्वशीच्या पायावर डोकं ठेवलं. पाय तव्यासारखे तापले होते. मी शब्द दिला होता म्हणून ठेवलं, पण ठेवल्यावर उचलवेना. तिथली नर्स ओरडली, ही काय नाटकं लावली आहेत. मुखरू तिला म्हणाला, थांबा बाई, करणी काढून राह्यली ती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पोरीने मला पाहिलं आणि तिचं पुस्तक माझ्या ओट्यावर राहिलं आहे म्हणाली. मला त्यांनी तिथेच बसून राहायला सांगितलं होतं, पोरीला सुट्टी होईपर्यंत. कोणी मारलं नाही. माझ्यासाठी डबा यायचा, दूर ठेवून जायचे.

डॉक्टरने त्यांना किड्याचं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. बाहेर येऊन मुखरू सुकलूला म्हणाला, "डाक्टरनं औषध देल्लं, बरोबर आहे. पर बुढीनं सोडल्याबिगर औषध लागलं असतं काय?"

तू लिहिलंस, मानेवर हात असेल तर ते वाकणं नसतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला. आजवर मी जे सोडत होते ते सोपं होतं. नंबर, पाणी, एखादा शब्द. ते सोडल्यावर लोक मला चांगली म्हणतील, हे आत कुठेतरी होतंच. या वेळी जे सोडलं त्यावर कोणी चांगली म्हणणार नाही. म्हणून कदाचित हेच खरं असेल. पण मला याचा आनंद नाही. ह्यांनी आयुष्यभर जपलेलं घराचं नाव होतं ते, माझ्या एकटीचं नव्हतं. रात्री सदऱ्याशी तेवढं बोलते.

तू तक्रार दे. मी अडवत नाही. मुखरूवर माझा राग नाही, पण झाडफूकवाला दुसऱ्या गावात हेच करेल. येशील तेव्हा एकटी येऊ नकोस, किड्याचं समजावून सांगणारं कोणी घेऊन ये. नेम मी चालू ठेवला आहे, फक्त कोणाच्या दारात जात नाही. घरातच हात लावते जमिनीला.

हे पत्र इथे संपवणार होते. पण आता अंगणात माणसं आली आहेत. नानाजीच्या नातवाला, पवनला, कालपासून ताप आहे. त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं नाही, माझ्याकडे आणलं आहे. नानाजी ओट्याखाली उभा आहे, चप्पल काढून, आणि म्हणतो आहे, "बाई, आमचं का चुकलं असंल त सांग, पर लेकराले सोड."

त्याला वाटतं हेही मीच केलं. मी दवाखान्यात चला म्हटलं की ते चालतील, कारण मी म्हटलं म्हणून. आता असंच होत राहणार. आणि एक दिवस असं लेकरू येईल जे दवाखान्यातही वाचणार नाही. त्या दिवशी हीच माणसं याच अंगणात येतील आणि ओट्याखाली थांबणार नाहीत. मला ते स्पष्ट दिसतं. तुलाही दिसत असेल.

पवनने आत्ता डोळे उघडले. पाणी मागतो आहे आणि कोणी माझ्या घरचं पाणी त्याला द्यायला धजत नाही. मी दवाखान्याचं म्हटलं तसा मुखरू गाडी आणायला गेला आहे.

मी पाणी घेऊन बाहेर जाते.

मावशी